सोप्या ‘स्क्रॅम्बलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

डोंगरभाऊ: हडसर किल्ल्याच्या माहितीपत्रकाचं इंग्रजीतून मराठी करतोय. ‘अर्ध्या दिवसाचा ट्रेक, मध्ये थोडं सोपं स्क्रॅम्बलिंग’ या ओळीवर गाडी अडलीय. ‘प्रस्तरारोहण’ लिहिलं तर वाचणारा दोर शोधायला लागेल. नुसतं ‘चढण’ लिहिलं तर लोक आजी-आजोबांना घेऊन कातळातल्या खुंट्यांच्या वाटेला लागतील. हात वापरावे लागतात, दोर लागत नाही, एवढंच सांगायचंय.

निरुक्ती: हस्तपादारोहण. अर्थ नेमका, संधी सरळ. आणि ‘अर्धा दिवस’ कशाला? दोन प्रहर म्हणा.

घाटवाटा: योगवर्गाची पाटी वाटतेय. आम्ही ‘रॉक पॅच’ म्हणतो, फार तर ‘कातळटप्पा’. नवख्यालाही कळतं.

निरुक्ती: कातळटप्पा हे जागेचं नाव झालं, प्रश्न क्रियेचा आहे. आणि पॅच म्हणजे ठिगळ. कातळाला ठिगळ कोण लावतं?

जुन्नरकर: गुराख्याला विचारा, तो म्हणेल, “हातापायानं जावं लागंल.” झालं की काम! पण पत्रकात दोन वाटा नीट वेगळ्या लिहा हो. राजदरवाजाच्या वाटेला कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, तिथे हे काही लागत नाही. खुंट्या आहेत ती वाट निराळी. चढताना खुंटी समोर दिसते. उतरताना तोंड कातळाकडे, पाय खाली सोडायचा आणि बुटाच्या टोकानं खुंटी चाचपायची. तिथे भले भले थबकतात. वर पाठीवरची सॅक नेमकी अडते.

पोथीवाचक: जुन्या मराठीत ‘वेंघणे’ आहे की! चढणे, वर जाणे. ‘थोडं सोपं वेंघणं’ लिहा. आपलाच शब्द धूळ खात पडलाय.

माडाखाली: आमच्याकडे ‘वेंग’ म्हणजे मिठी! पण मला वाटतं दोन्ही एकच असणार. घरी नारळ पाडायला यायचे ते काका माडाला मिठी मारूनच वर जायचे. मिठीवरूनच चढणं आलं.

पोथीवाचक: ही लोकव्युत्पत्ती झाली. ‘ग’ आणि ‘घ’ असे अदलाबदल करता येत नाहीत. पुरावा?

माडाखाली: तुमच्या वेंघण्याची एखादी ओवी द्या, मग मी माझा पुरावा देतो.

घाटवाटा: घाटावर ‘निसणीची वाट’ म्हणतात ते कसं वाटतं?

निरुक्ती: निसणी म्हणजे शिडी, संस्कृत निःश्रेणीवरून. सुंदर शब्द, पण तिथे शिडी हवी. पाहा, असे शब्द असताना इंग्रजीची उसनवारी कशाला?

घाटवाटा: ‘ट्रेक’ मात्र चालला? तो तर डचांकडून आफ्रिकान्समार्गे इंग्रजीत आलेला. किल्ला अरबी, दरवाजा फारसी. राजदरवाजाला आता काय राजद्वार म्हणायचं?

निरुक्ती: का नाही? खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणूनच ना?

घाटवाटा: घेतला. तरी किल्लेदार किल्लेदारच राहिला, दुर्गपाल कुणाच्या तोंडी बसला?

निरुक्ती: ‘दुर्ग’ मात्र बसला. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग. तुम्ही सोयीची उदाहरणं निवडता.

जुन्नरकर: ते जाऊ द्या, अर्धा दिवस कुणाचा ते आधी ठरवा. न्याहारी करून हडसर गावातून निघालात तर जेवायला खाली. मुंबईहून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. माळशेज घाटात रविवारी गाड्यांची रांग लागली की प्रहरांचा हिशेब तिथेच संपतो.

डोंगरभाऊ: पत्रक छपाईला द्यायचंय. तूर्त ‘काही ठिकाणी हात टेकून चढावं लागतं’ असं लिहिलंय.

घाटवाटा: अहो, हात टेकणं म्हणजे हार मानणं! वाचणारा म्हणेल, इथे सगळेच हात टेकतात तर कशाला जायचं?

पोथीवाचक: ‘हाताचा आधार घेत’ करा.

निरुक्ती: चार शब्दांत सांगायचं ते चौदा शब्दांत. यालाच सोपं मराठी म्हणतात का?

जुन्नरकर: काहीही लिहा, फक्त पावसात खुंटीची वाट टाळा हे ठळक अक्षरात येऊ द्या. कातळ शेवाळतो. त्या दिवसांत राजदरवाजानेच जा.

माडाखाली: पोथीवाचक, ओवी सापडली का?