राही : वाटसरू की राधा?

गेल्या रविवारी भावाच्या मुलीचं बारसं झालं. आत्या म्हणून कानात कुर्र करायचा मान माझा. नाव ठेवलं राही. घुगऱ्या वाटून होतात न होतात तोच वहिनीच्या मावशींनी मोबाइलवर अर्थ शोधला आणि सगळ्यांना वाचून दाखवला : 'प्रवासी, वाटसरू'. वहिनीचा चेहरा उतरला. पाळण्याशेजारी बसलेली आमची आजी तेवढ्यात म्हणाली, "अगं पोरी, आरतीत म्हणतेस ना रोज तिचं नाव?"

आजीचं बरोबर आहे, आणि ते नीट उलगडून सांगावं म्हणून हे लिहितेय.

'युगे अठ्ठावीस' म्हणताना आपण 'रखुमाईवल्लभा, राईच्या वल्लभा' असं म्हणतो. ही राई म्हणजे मोहरी नव्हे आणि आमराईतली राईही नव्हे. ही राही, म्हणजे राधिका. पुढे एका कडव्यात 'राही रखुमाबाई राणीया सकळा' असं तिचं नाव पुन्हा येतं. काही जण तिथेही 'राई' म्हणतात. पंढरपूरच्या मंदिरात रखुमाईखेरीज सत्यभामा आणि राही यांचीही स्थानं आहेत.

राधिकेची राही कशी झाली? प्राकृतात दोन स्वरांमधल्या ख, थ, ध, भ यांचा बहुधा ह होतो. दधिचं दही झालं ते असंच. शेवटच्या 'इका'चं आधी 'इआ' आणि मग 'ई' होतं : घटिका, घडिआ, घडी, शाटिका, साडिआ, साडी. त्याच चालीनं राधिका, राहिआ, राही.

यातलं 'राहिआ' हे मधलं रूप तर्कानं जुळवलेलं नाही. गाथासप्तशतीत ते जसंच्या तसं सापडतं. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि राधेच्या अगदी जुन्या उल्लेखांत त्यातल्या एका गाथेची गणना होते. 'मुहमारुएण तं कण्ह गोरअं राहिआए अवणेन्तो' अशी तिची सुरुवात. कृष्णा, तोंडानं हलकेच फुंकर घालून तू राधिकेला लागलेली गाईंच्या खुरांची धूळ उडवतोस आणि तेवढ्यानं बाकीच्या गौळणींचा तोरा उतरवतोस, असा भाव. 'गोरअं' म्हणजे गोरज आणि 'गोरअं' म्हणजेच गौरवही. एका फुंकरीत दोन्ही उडतात! संस्कृतात ही कोटी अशी साधली नसती. पहिलाच शब्द पाहा : मुखाचं 'मुह', म्हणजे ख चा ह. ज्या नियमानं राही घडली, तो त्याच ओळीत शेजारी बसलाय. मी ही ओळ वहिनीला दोनदा वाचून दाखवली.

मराठीनं कधी कधी पुढे जाऊन तो ह सुद्धा गाळला. सखी, सही, सई. यूथिका, जूही, जुई. राधिका, राही, राई. आज पाळण्यापाळण्यात दिसणारी सई आणि जुई या राहीच्या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या.

आता वाटसरूचं. हिंदीतला 'राही' खरा आहे, पण तो फारसी 'राह'वरून, आपली 'रहदारी' ज्या घरातली त्याच घरातला. तो बहुधा पुल्लिंगी वापरतात. मराठीतही पुरुषाचं नाव राही असतं, 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे आहेतच. म्हणजे उच्चार एक आणि शब्द दोन. नावांच्या याद्यांमध्ये त्यातला एकच उतरवलेला दिसतो, आणि मराठी घरात तो वाचून एखाद्या आईचं मन खट्टू होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. (मराठी कवितेत 'उभा राही' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ थांबणं, म्हणजे वाटसरूच्या नेमका उलट. हा निव्वळ योगायोग, पण मला आवडलेला.)

हे नाव 'मॉडर्न' म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ साली इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकली, नेमबाजीत ते मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली, आणि शहरी घरांतही हे नाव कानावर पडू लागलं. पण अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांना विसरून कसं चालेल? गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नाव कुणी यादीतून निवडलेलं नाही. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई होत्या, त्यांच्या नावातली 'बाई' गळून आजची सई उरली. राहीबाईंची राही तशीच.

पुरवणी : नाव 'राही' लिहायचं की 'राई', असं कुणी विचारलं तर सांगते, लिहिताना 'राही' असंच लिहा. 'राई' लिहिलंत तर लोक मोहरीकडेच जातील. बोलताना मात्र ह आपसूक पुसट होतो. आमची आजी दोन दिवसांतच बाळाला 'राईबाई' म्हणायला लागलीय. तुमच्याकडे राहीबाई नावाची आजी-पणजी असेल, तर तिला घरात राही म्हणत की राई, आणि गाव कुठलं, तेवढं सांगाल का?