गव्हात गोल पडलंय, आधी काय बघू?

प्रश्न: शेताच्या मधोमध गहू गोलात आडवा झालाय. ताटं मोडलेली नाहीत, सगळी एकाच दिशेनं निजलीत. काय तपासू?

बांधकरी: आधी बघ्यांना बाहेर काढा, त्यांच्या पायांनीच पुरावा जातो. स्वतः ट्रॅक्टरच्या चाकोरीतून शिरा आणि बरोबर मध्यावरची माती बोटांनी चाचपा. कुणी वर्तुळ आखायला दोरीसाठी खुंटी ठोकली असेल तर भोक सापडेल.

प्रश्नकर्ता: पण ताटांची पेरं (सांधे) वाकलीत की! हे परग्रहवासींचं काम म्हणतात ना?

बांधकरी: वाकणारच. हिरवा गहू आडवा पडला की पेराची खालची बाजू जास्त वाढते, ताट परत वर उठू बघतं. त्याला परग्रहवासी कशाला हवेत? इंग्लंडात डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोघा मित्रांनी १९९१ मध्ये उघड सांगितलं की आम्ही फळी-दोरीनं रात्री वर्तुळं काढायचो. पत्रकारांसमोर करूनही दाखवलं.

रानपाखरू: वारा-पावसानंही गहू लोळतो, नत्र जास्त झालेल्या पट्ट्यात तर हमखास. पण त्याची कड वेडीवाकडी असते. मध्यापासून कडेपर्यंत चहूबाजूंनी टेप लावा. अंतर सगळीकडे सारखं भरलं तर माणसाचंच काम. आणि फोटो आजच काढा, ताटं उठायला लागली की कड पुसट होते.