सी शिकणाऱ्याला आर्गसी-आर्गव्ही पहिल्याच महिन्यात द्यावं का?

पेठकर_७:
भाचीला पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. लॅबचे सगळे प्रोग्रॅम एका साच्यातले: आकडे मागा, स्कॅनएफने (कीबोर्डवरून वाचणाऱ्या फंक्शनने) घ्या, बेरीज छापा. दहादा तपासायचं तर दहादा आकडे टाइप करा. मी म्हणतो, मेनला, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनला, सुरुवातीपासूनच आर्गसी-आर्गव्ही द्या. आर्गसी म्हणजे कमांडच्या ओळीत किती शब्द आले तो आकडा, आर्गव्ही म्हणजे ते शब्द. 'बेरीज ५ ७' लिहून एंटर मारला की उत्तर समोर, वरचा बाण दाबला की तीच ओळ परत. लिनक्सवरच्या ग्रेप (मजकूर शोधणारी), सीपी (फाइल कॉपी करणारी) या कमांड अशाच चालतात. आपला प्रोग्रॅम अशांच्या पंगतीत बसला की पोरांना गंमत वाटते.

कात्रज_घाट:
पंगत ठीक, पण पानात काय वाढताय? आर्गव्ही म्हणजे पॉइंटरांचा, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचा, अ‍ॅरे. ज्याला पॉइंटरच माहीत नाही तो ते मंत्रासारखं पाठ करणार. माझ्या शिकवणीतल्या एकाने हौसेने वापरलं आणि आकडे न देताच चालवलं. आर्गव्ही[१] नल, म्हणजे कुठलाच पत्ता नाही, ते थेट एटॉयला (अक्षरांतला आकडा संख्येत बदलणाऱ्या फंक्शनला). सेगमेंटेशन फॉल्ट! नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्रॅम बंद. बिचाऱ्याला वाटलं लॅपटॉप गेला. स्कॅनएफ निदान वाट तरी बघतं.

पेठकर_७:
मग आधी आर्गसी तपासायला शिकवा ना! ३ नसेल तर 'वापर: बेरीज संख्या संख्या' छापून १ परत करायचा. आकडे दोन असून ३ का, तर शून्याव्या जागी सहसा प्रोग्रॅमचं नाव असतं. आणि स्कॅनएफचं कौतुक पुरे. लूपमध्ये आकड्याऐवजी अक्षर द्या, ते अक्षर तिथेच अडकतं आणि स्क्रीन धो धो वाहते.

सिंहगड_पहाटे:
एटॉयबद्दल कुणीच बोलत नाही. त्याला 'पुणे' दिलं तरी शून्य, '०' दिलं तरी शून्य. खरं कुठलं? त्याऐवजी स्ट्रटॉल हे फंक्शन घ्या, वाचन कुठे थांबलं ते सांगतं.
खरा मार मला शेलने, म्हणजे आपली कमांड आधी वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, दिला. कॅल्क्युलेटर केला, '५ * ३' दिलं. आर्गसी ४ यायला हवा, आला १९. शेलने ताऱ्याच्या जागी फोल्डरमधल्या फायलींची नावं भरली होती. तासभर मी सीमध्येच चूक शोधत बसलो. तारा अवतरणात टाकल्यावर सुटलं.

कात्रज_घाट:
हेच म्हणतोय! सी शिकवायला बसायचं आणि शेल शिकवत उठायचं. पत्ता म्हणून नुसतं सदाशिव पेठ लिहिलं तर आर्गव्ही[१] मध्ये सदाशिव, [२] मध्ये पेठ.

पेठकर_७:
पेठेचे तुकडे आम्हाला चालत नाहीत, अवतरणात ठेवा. बरं, अ‍ॅरे आणि स्ट्रिंग होईपर्यंत थांबतो. पॉइंटरचा धडा मात्र सबमिशनच्या आठवड्यात येतो, तोवर नाही थांबणार.