‘सॉरी’ म्हणजे माफी की अफसोस? इंग्रजी शब्द उर्दूतून शिकावा का?

गोदाकाठची: गेल्या महिन्यात आजोबा गेले. भेटायला आलेला एक मित्र ‘आय ॲम सॉरी’ म्हणाला. तो गेल्यावर आठ वर्षांची लेक विचारते, “आई, काकांची काय चूक झाली?” मी ‘दिलगीर’ असा अर्थ सांगितला, तर म्हणाली, “म्हणजे माफीच ना?”

उत्तर आजोबांच्या वहीत सापडलं. निजामाच्या राज्यात, औरंगाबादेत, ते उर्दू माध्यमातून मॅट्रिक झाले. वहीत इंग्रजी शब्द डावीकडून निघालेला, उर्दू अर्थ उजवीकडून, आणि पानाच्या मधोमध दोघांची गाठ. ‘सॉरी’समोर दोन शब्द आहेत: माज़रत आणि अफ़सोस. माज़रतच्या मुळाशी उज्र, म्हणजे सबब. उशीर झाला तर माज़रत. कुणाचं माणूस गेलं तर अफ़सोस. लेकीला एका मिनिटात कळलं. आपला ‘दिलगीर’सुद्धा फारसीतलाच. तिकडे त्याचा अर्थ खिन्न, उदास; मराठीत मात्र ‘दिलगिरी व्यक्त केली’ म्हणजे माफी मागितली. मला वाटतं, मराठी मुलांना इंग्रजी शब्दासोबत उर्दू अर्थही सांगावा.

सरळमार्गी: अजिबात पटत नाही. उर्दूतून आलेले शब्द मराठीत अर्थ बदलून बसलेत. ‘रेझिग्नेशन’ला आपण राजीनामा म्हणतो, उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफ़ा. ‘एज्युकेशन’ म्हणजे तालीम असं सांगितलंत तर कोल्हापूरचं पोर लाल मातीच्या आखाड्यात जाऊन उभं राहील. हैराण तिकडे चकित, इकडे त्रासलेला. एक शब्द शिकवायला दोन गोंधळ कशाला? लेकीला ‘वाईट वाटलं’ एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं.

उर्दू शाळेतला मास्तर: मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. आमच्या पोरांची ती घरचीच भाषा, त्यामुळे त्यांच्यासाठी हा वळसा नाही. पण ताई, तुमचे दोन खण इतके बंद नाहीत. “मुझे अफ़सोस है, मैं आ न सका” हे आम्ही रोज बोलतो, आणि त्यात माफीही असते. म्हणून मी शब्दाला शब्द देत नाही. मयतीचा प्रसंग, उशिराचा प्रसंग, धक्का लागल्याचा प्रसंग वर्गात करून दाखवतो.

परभणीकर: वहीचं वर्णन वाचून माझे वडील आठवले. पण त्यांनी उर्दू हौसेने निवडली नव्हती. मराठी घरातल्या मुलांवर ती माध्यम म्हणून लादलेली होती, आणि गणितसुद्धा परक्या भाषेत समजून घेताना किती जणांची शाळा सुटली! आज त्याला अध्यापनाची पद्धत म्हणू नका, एवढीच विनंती.

गोदाकाठची: परभणीकर, हे मी लिहायला हवं होतं. आजोबाही सक्तीबद्दल कडवटपणे बोलायचे. मास्तर, खणांचं तुमचं म्हणणं मान्य. सरळमार्गी, ‘वाईट वाटलं’ हे मला त्या क्षणी सुचलंच नाही, हेही खरं.

तरी एक सोडवत नाही. मौलवी अब्दुल हक यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली औरंगाबादेतूनच निघाला. इतकं काम आपल्या अंगणात झालं आणि आपण ते उघडूनही पाहत नाही. राजीनामा आणि तालीम ही तुमचीच उदाहरणं मी उद्या लेकीला सांगणार आहे. शब्द घर बदलतो तेव्हा अर्थ कसा बदलतो, हे तिला ‘सॉरी’इतकंच कळायला हवं.

सरळमार्गी: ते सांगा. पण आधी मराठी अर्थ, मग उर्दू. हा क्रम मी सोडणार नाही.