मदत हवी आहे: आप्पांच्या चित्रांना बुरशी लागली आहे

मंडळी, नमस्कार. आमचे आप्पा वेंगुर्ल्याचे. गाव त्यांना ओळखायचं ते काजू कारखान्याचे शेट म्हणून. पण रात्री जेवणं आटोपली की ते माजघरात कागद पसरून बसायचे. बंदर, दीपगृह, पडकी डच वखार, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणारी माणसं, सगळं जलरंगात. आयुष्यभर काढली, पण घराबाहेर कुणाला दाखवली नाहीत. रापणीच्या एका चित्रात दोर ओढणाऱ्यांच्या टाचा वाळूत रुतल्यात, पोटऱ्या ताणल्यात. किती वेळ किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं असेल त्यांनी!

गेल्या वर्षी आप्पा गेले. आता पत्र्याची ट्रंक उघडली तर कागदांवर तपकिरी डाग आणि कडांना बुरशी. आपल्याकडची दमट हवा, दुसरं काय. ओलं फडकं लावलं नाही, उन्हातही ठेवली नाहीत, रंग उडतात. सिलिका जेलच्या पुड्या आणि मध्ये घालायला आम्लरहित कागद मागवलाय.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा गोव्यात कागदावरच्या चित्रांचं जतन करणारं खात्रीचं कुणी आहे का? बुरशी मऊ कोरड्या ब्रशने घरीच झाडावी की हात लावू नये? स्कॅनिंगला ३०० डीपीआय पुरेल की ६००? पावसाळ्याआधी हे मार्गी लागायला हवं. कृपया अनुभव असलेल्यांनी कळवा.