राजीनामा दिला, पण हमीपत्र?
बरेच जण म्हणतात की राजीनामा दिला, डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचं कंपनी निबंधकाला कळवायचा फॉर्म) भरला की कंपनीचा संचालक मोकळा. कंपनीच्या साध्या देण्यांपुरतं बरोबर आहे. पण बँकेला दिलेलं वैयक्तिक हमीपत्र हा वेगळा करार, तो राजीनाम्याने सुटत नाही. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमधून मी बाहेर पडलो, भागीदाराशी हिशेबही मिटवला, पण कॅश क्रेडिटची (धंद्यासाठी बँकेने दिलेल्या फिरत्या कर्जाची) हमी साफ विसरलो. दीड वर्षाने घरच्या पत्त्यावर नोटीस, तीही बायकोने सही करून घेतलेली!

करार कायदा, १८७२ च्या कलम १३० प्रमाणे चालू हमी (एकाच व्यवहारापुरती नाही, तर एकामागून एक व्यवहारांना लागू राहणारी) पुढच्या व्यवहारांपुरती बँकेला कळवून मागे घेता येते. त्या दिवशीची बाकी मात्र डोक्यावर राहतेच. शिवाय बँकेच्या छापील मसुद्यात हा हक्क सोडून दिल्याचं वाक्य असू शकतं, तेव्हा जुनी प्रत आधी वाचा (माझी माळ्यावर सापडली). आणि हमी मागे घेतल्याच्या पत्राच्या आपल्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का घ्याच. मला पहिल्यांदा काउंटरवरच्या बाई ‘ठेवून जा’ म्हणाल्या, आणि मी शहाणा ठेवून आलो.