कांदा, सोयाबीन आणि मत: मतदार हिशोब बघतो की मनातला राग?

निफाडचा शेतकरी:
२०२४ च्या लोकसभेला देशाचा विकासदर ७ टक्क्यांच्या वर होता. तरी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत भाजपच्या तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव कोसळले. ४ मे ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. २० मे ला मतदान झालं. तेव्हापासून ऐकतोय की शेतकऱ्याने रागाच्या भरात मत दिलं. मला हे साफ अमान्य आहे. लिलाव झाला की हातात पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी उरलेली रक्कम. ट्रॅक्टरचं भाडं त्यातूनच द्यायचं. शेतकऱ्यासाठी अर्थव्यवस्थेचा खरा आकडा तोच.

गोदाकाठ:
मग आमच्या मराठवाड्याचं काय? मे मध्ये सोयाबीन हमीभावाच्या खाली होतं, लोकसभेला महायुतीला ८ पैकी १ जागा मिळाली. नोव्हेंबरात, विधानसभेच्या वेळी, हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याहून बराच कमी. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल परत. तरीही राज्यात महायुतीच्या २८८ पैकी २३० जागा! पट्टी दोन्ही वेळा कमीच होती, मत मात्र फिरलं. लोकसभेला मराठा आरक्षणाचा राग होता, संविधान बदलेल ही भीती होती. आधी मन ठरतं दादा, पट्टी नंतर पुराव्याला काढतात.

निफाडचा शेतकरी:
आमच्याकडचं पुढचं ऐका. सप्टेंबरात किमान निर्यात दर काढला, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. ज्यांच्या साठवणीच्या चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक होता त्यांना नोव्हेंबरात चांगला भाव मिळाला. आणि दिंडोरी लोकसभेतल्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या. पट्टी बदलली, मत बदललं.

माजघरातून:
तुमच्या दोघांच्या हिशोबात बायका कुठेच नाहीत. लाडकी बहीण योजनेचे जुलैपासून महिन्याला १,५००, आचारसंहितेच्या आधी पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये. सोयाबीनची पट्टी बहुतेक घरात पुरुषाच्या नावे निघते, हे पैसे बाईच्या खात्यात आले. औषधाला, मुलीच्या फीला कुणाकडे मागावं लागलं नाही. याला आकडा म्हणा की भावना, मला तरी वेगळं करता येत नाही. पण घरात पट्टी कमी असूनही मत का फिरलं, ते इथे शोधा.

गोदाकाठ:
ताई, पैसे पोचले हे मान्य. पण तेवढ्यानेच मत फिरलं, हे कशावरून? बायकांचं मतदान २०१९ पेक्षा वाढलं, तसं पुरुषांचंही वाढलं. त्यांच्या खात्यात तर लाडक्या बहिणीचे पैसे नव्हते.